टोपीमागचं झाड

चंद्रपुरात कॅमेरा घ्यायला गेलं की दुकानदार आधी वाघाचं विचारतो. तुम्हाला काय काढायचंय हे नाही, वाघ किती लांबून काढायचाय, एवढंच. मला वाघ काढायचा नव्हता. मी मूल गावातल्या शाळेत भूगोल शिकवते, निवृत्ती तोंडावर आलीय, आणि मला सांचीला जायचं होतं, बोधगयेला जायचं होतं, सिरोंच्याला प्राणहिता गोदावरीला मिळते तिथे पुन्हा एकदा उभं राहायचं होतं. त्यासाठी पर्समध्ये मावेल, भर उन्हात नीट दिसेल आणि पावसाच्या चार थेंबांनी मरणार नाही असा लहानसा कॅमेरा हवा होता. मोबाईल आहे की, असं लोक म्हणतात. मोबाईलवर काढलेला फोटो माणूस परत बघत नाही, असा माझा अनुभव आहे.

करिश्मा कुमरे माझ्यासोबत आली ती तिच्या स्वतःच्या कामासाठी. ती आमच्याच शाळेत लहान वर्गांना शिकवते. पोरगी कामाची, बोलायला कमी आणि एकदा डोक्यात घेतलं की बैलासारखी अडून बसणारी. तिच्या वडलांचं गाव, जांभूळटोला, ताडोबाच्या जंगलात आत होतं. काही वर्षांपूर्वी ते गाव उठून बाहेर आलं. लोकांनी बैठक घेऊन होकार दिला, शेती मिळाली, रस्ता मिळाला, दवाखाना जवळ आला. कुणी आम्हाला हाकललं असं करिश्मा कधी म्हणत नाही. फक्त झाडं आणता आली नाहीत, असं म्हणते.

झाडं म्हणजे मोहाची. त्यांच्या गावात प्रत्येक मोहाला घर असायचं. सातबाऱ्यावर कुठेच नाही, पण हे झाड बुधरीचं, ते पाटलाचं, हे कुमऱ्यांचं, हे शेंबड्या पोरालाही माहीत. फुलं गळायच्या आधी ज्याचं झाड त्यानं खालची जागा झाडून साफ करायची आणि पहाटे टोपली घेऊन जायचं. दुसऱ्याच्या झाडाखालचं फूल कुणी उचलत नसे. कुमऱ्यांच्या घरात आणखी एक रीत होती. झाड द्यायचं झालं तर बापानं त्याची टोपली ज्याला द्यायचं त्याच्या हातात ठेवायची. एकदा टोपली दिली की झाड त्याचं, आणि मग बापानंही त्याला विचारल्याशिवाय त्या झाडाखाली जायचं नाही.

कुमऱ्यांच्या झाडाच्या फुलांवर करिश्मा शिकली. वसतिगृहातून सुट्टीत घरी आली की ती बापाबरोबर पहाटे जायची. झाड तुलाच देईन, असं तिचा बाप पोचूबा तेव्हाच म्हणाला होता. पुढे शेती आणि घर रीतीप्रमाणे तिच्या भावाकडे, सुनिलकडे गेलं. करिश्माला त्याचं काही वाटलं नाही, तिला पगार आहे. पण झाडाचा विषय काढला की बाप मान हलवायचा. झाड पडलं, म्हणायचा. मेल्या झाडाची टोपली कोणी देत नाही. पडलं हे त्याला सुनिलनं सांगितलं होतं. जंगलात वणवा अडवायची जाळरेषा काढायला जाणाऱ्या मजुरांकडून ऐकलं म्हणून.

करिश्माचा त्यावर विश्वास नव्हता. मी एकदा तिला स्पष्टच विचारलं की जे झाड वाघाच्या राज्यात आहे, ज्याच्या खाली तुला पाय ठेवता येत नाही आणि ज्याची फुलं चितळं खातात, ते नावावर करून तू काय लोणचं घालणार आहेस का. ती रागावली नाही.

"मॅडम, त्या गावात माह्या नावाचं एकच काही होतं," ती म्हणाली. "बा आता थकला. तो गेल्यावर मले कोन देईल? उभं हाय ते. मले फक्त त्याले दाखवाचं हाय."

दाखवायचं तर फोटो हवा. त्या बाजूला जायचं तर मोहर्लीच्या गेटातून सफारीची जिप्सी हवी, आणि आत मोबाईल नेऊ देत नाहीत. कॅमेरा चालतो. म्हणून ती माझ्या कॅमेऱ्यावर डोळा ठेवून होती, हे मला बसमध्येच कळलं होतं. मी म्हटलं, चल, मलाही नवीन वस्तू वापरून बघायची आहे.

दुकान प्रफुलचं. तो माझा जुना विद्यार्थी आणि भूगोलात काठावर पास. त्यानं तीन कॅमेरे काचेवर मांडले. पहिल्याला रबराचं जाड कातडं होतं. तो नदीत बुडवला तरी चालतो, पण डोळ्याला लावायची खिडकी नसल्यानं उन्हात त्याच्या पडद्यावर आपलंच तोंड दिसत होतं. दुसरा साबणाच्या वडीएवढा. सेन्सर मोठा, लेन्स रुंद, झूम नाहीच म्हटलं तरी चालेल. संध्याकाळच्या अपुऱ्या उजेडातही त्यात दुकानाचा कोपरा न् कोपरा नितळ उतरला. मी तो हातात घेतला आणि खाली ठेवावासा वाटेना. तिसऱ्याचं बटण दाबलं की त्यातून सोंड बाहेर यायची. सेन्सर बारका, उजेड कमी झाला की चित्रात रवा पडायचा, पण झूम म्हणाल तर विचारू नका.

"याच्यात वाघाची मिशी मोजता येते, मॅडम," प्रफुल म्हणाला.

मिशी मोजून मला काय जनगणना करायचीय, असं मी म्हणेपर्यंत करिश्मा तो तिसरा घेऊन दुकानाच्या पायऱ्या उतरली होती. तिनं जटपुरा गेटाच्या पलीकडचा कुठला तरी फलक धरला आणि त्यावरची बारीक अक्षरं मोठ्यानं वाचून दाखवली. मी तिला समजावलं. लांबचं ओढून आणलं की आजूबाजूचं जातं, आणि आजूबाजूचं गेलं की फोटो कुठला तेही जातं. आमच्या घरी एक फोटो आहे, छप्पन साली चांद्याला, म्हणजे याच चंद्रपुरात, बौद्ध धम्माची दीक्षा झाली त्या गर्दीचा. त्यात माझे आजोबा शेंगदाण्याएवढे आहेत. पांढरं डोकं, बस. तरी आमच्या घरातलं प्रत्येक माणूस बरोबर त्याच शेंगदाण्यावर बोट ठेवतं. ओढून आणलेल्या फोटोत एवढा मोठा दिवस मावला असता का, असं मी तिला विचारलं.

तिनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली की आजोबा गर्दीत होते, तिचं झाड रस्त्यापासून लांब आहे. गाडी रस्ता सोडत नाही, खाली उतरू देत नाहीत, तर झूमशिवाय काय दिसणार. प्रफुलनं हळूच तिसऱ्याचा खोका काढून ठेवला होता. मी तो घेतला आणि परतताना तिच्याशी बोलले नाही. निवृत्तीनंतरचा माझा कॅमेरा एका झाडापायी ठरला, याचा मला खरोखरच राग आला होता.

मोहफूल गळायच्या दिवसांत आम्ही मोहर्लीला गेलो. गेटावर मोबाईल जमा केले. गाइड रिना नावाची, तिथल्याच गावची, चटपटीत. गाडी चालवायला पवन, डोक्यावर हिरवी टोपी. करिश्मानं रिनाला आधीच सांगून ठेवलं होतं की वाघ नाही दिसला तरी चालेल, जांभूळटोल्याच्या माळावर तेवढं थांबव. असलं गिऱ्हाईक रिनाला कधी मिळालं नसावं. तिनं दोनदा विचारून खात्री करून घेतली.

माळ आला. गाव होतं तिथे आता गवत होतं, आणि सांगितलं नसतं तर मी त्याला नुसतं गवतच म्हटलं असतं. पलीकडे बोडीची, म्हणजे लहानशा तळ्याची, पाळ, मागे टेकडी, मध्ये विखुरलेली झाडं. करिश्मा उठून उभी राहिली आणि गाडीची दांडी घट्ट धरून बघत राहिली. तिला सावरायला वेळ मिळावा म्हणून मी कॅमेरा चालू केला. तेवढ्यात गाडीला धक्का बसला, माझं बोट बटणावर पडलं आणि सोंड लांब होण्याआधीच एक फोटो निघाला. माळ, पाळ, टेकडी, आणि मधोमध पवनची टोपी. पुसून टाकायचं बटण कुठलं ते अजून मला सापडलं नव्हतं, म्हणून तो राहिला.

मग करिश्मानं कॅमेरा घेतला. सोंड पूर्ण बाहेर काढून ती झाड न् झाड शोधू लागली. तिला गावात शिरताना डाव्या हाताला दिसणारी एक वाकलेली फांदी आठवत होती. डाव्या हाताला असल्या फांदीचा मोह होता, आणि तो सापडला तेव्हा ती माझा दंड धरून काही बोलू पाहत होती. बोलायच्या आत रिना कुजबुजली की झाडाखाली बघा.

झाडाखाली वाघीण पडली होती. सावलीत आरामात, एक पाय पसरून.

पुढची काही मिनिटं मी कुणाला सांगितली तर खोटं वाटेल. मागून दोन जिप्स्या आल्या, मग आणखी एक. लोक एकमेकांच्या खांद्यांवर लेन्स ठेवून श्वास रोखून उभे होते. आणि आमची करिश्मा दात आवळून त्या वाघिणीला मनातल्या मनात शिव्या देत होती, कारण ती बुंध्यासमोर पडली होती आणि कॅमेरा हट्टानं तिच्यावरच फोकस करत होता. झाड धरलं की वाघीण स्पष्ट आणि झाड धुरकट. ऊठ ना बाई, असं ती म्हणालेली मी ऐकलं. शेजारच्या गाडीतल्या गृहस्थानं तिच्याकडे असं पाहिलं, जणू तिनं देवळात चप्पल घातली. शेवटी रिना म्हणाली की जास्त वेळ थांबता येत नाही, आणि पवननं गाडी काढली. झाड उभं होतं, एवढं पुरे, असं करिश्मा वाटभर म्हणत राहिली. मलाही बरं वाटलं. कॅमेरा वाया गेला नाही, असं मी मनात कबूल केलं.

गेटावरून आम्ही सरळ तिच्या वडलांच्या घरी गेलो, बाहेर वसलेल्या गावात. पोचूबा ओसरीत खाटेवर बसला होता. अंगानं वाळलेला, पण डोळे चांगले. मोतीबिंदू काढून झाला होता. सुनिलही घरी होता. कॅमेरा बघून तो पाणी आणायला आत गेला आणि बराच वेळ बाहेर आला नाही. करिश्मानं फोटो मोबाईलवर घेतले आणि फोन बापाच्या हातात दिला.

वाघीण बघायला शेजारची दोन माणसं जमली. मिशा मोजता येत होत्या, प्रफुल खोटं बोलला नव्हता. पोचूबानं वाघिणीकडे पाहिलं, झाडाकडे पाहिलं, पुढचा फोटो, त्याच्या पुढचा. मग मान हलवली.

"हे आपलं नोहे," तो म्हणाला. "हे बुधरीचं असन."

करिश्मानं फांदी दाखवली. तो म्हणाला, फांद्या सगळ्यांच्याच वाकतात. तिनं बाकीचे फोटो दाखवले. झाड, नुसतं झाड, बुंधा, फांदी, पालवी. त्याला एकही ओळखता येईना. कोणाचं असेल, कोण सांगेल, असं तो पुटपुटत होता. लांबून ओढून आणलेल्या त्या झाडांना शेजार नव्हता, पायवाट नव्हती, काहीच नव्हतं. मला दुकानातलं माझंच बोलणं आठवलं, पण करिश्माचं तोंड बघून माझं खरं ठरल्याचा मला काडीचाही आनंद झाला नाही. सुनिल पाण्याचा तांब्या घेऊन दारात आला होता. झाड पडलं म्हणून त्यानं सांगितलंच होतं, असं तो कुणाकडेही न बघता म्हणाला.

पोचूबाचं बोट फोनवर उगीच सरकत राहिलं आणि माझा तो बिघडलेला फोटो आला. टोपीवाला. मी ओशाळून म्हटलं की तो सोडा, तो चुकून निघालाय.

त्यानं सोडला नाही. फोन दोन्ही हातांनी धरून तो डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, तिरका केला. उलट्या अंगानं काढला काय, असं त्यानं विचारलं. तेव्हा कुठे माझी ट्यूब पेटली. सफारीचा रस्ता माळाच्या पलीकडून जातो. गावात जायची जुनी वाट अलीकडून होती. करिश्माला जे डाव्या हाताला आठवत होतं, ते गाडीतून उजव्या हाताला होतं. मी त्याला तसं सांगितलं. तो बराच वेळ चुकत राहिला. आधी आठवणीतली गावची विहीर टेकडीवर नेऊन ठेवली, मग स्वतःच हसला आणि परत आणली. मग त्याचं बोट पाळीवरून निघालं. पाळ, विहीर, बुधरीचं घर, बुधरीचा मोह, देवाची जागा, आणि तिथून उजवीकडे. बोट पवनच्या टोपीवर जाऊन थांबलं.

टोपीच्या मागे काय होतं ते कुणाला दिसणार. मी फोटो मोठा करू गेले तर त्याचा नुसता रवा झाला. पोचूबानं माझा हात बाजूला केला, फोटो होता तसा लहान केला आणि टोपीच्या वरच्या कडेवर नखाचं टोक ठेवलं. तिथे आकाशात शेंडा होता. तांबूस पालवी फुटलेला, शेंगदाण्याएवढाच.

"उभं हाय," तो म्हणाला.

मग त्यानं सुनिलकडे पाहिलं. आम्ही सगळ्यांनीच पाहिलं. सुनिलनं तांब्या खाली ठेवला.

"मोहाचे दिवस आले की बा रोज पहाटे टोपली घेऊन निघत होता," तो बहिणीला म्हणाला. "तू मूलले होती. मी रोज त्याले गेटाजवळून परत आनत होतो. एक दिवस मी पोहोचाच्या आधी आत गेला त? म्हनून सांगतलं पडलं."

करिश्माच्या तोंडावर आलेला राग मला दिसला, आणि तो कुठे ठेवावा हे तिला न कळलेलंही दिसलं. पोचूबा शांत होता.

"बरं केलं," तो म्हणाला. "पडलं नसतं त मी गेलोच असतो."

त्यानं सुनिलला टोपली आणायला सांगितली. ती सुनिलनंच माळ्यावर लपवली होती, त्यामुळे शोधावी लागली नाही. बांबूची, काठ उसवलेली. पोचूबानं तिच्यातली धूळ हातानं झटकली, करिश्माला समोर बसवलं आणि टोपली तिच्या हातात ठेवली. झाड तुझं, एवढंच म्हणाला. ती रडली. मलाही भरून आलं, हे लपवण्यात काही अर्थ नाही. इतकी वर्षं शिकवलेल्या नकाशांत मी कधी कुणाला असं घरी पोहोचलेलं पाहिलं नव्हतं.

ती डोळे पुसत होती तेवढ्यात पोचूबा खाटेवरून थोडा पुढे सरकला.

"आता मालकीन तू," तो म्हणाला. "मी तुले इचारूनच जाईन. मंग? उद्या जाऊ का?"

तो थट्टा करत नव्हता. करिश्मानं भावाकडे पाहिलं. सुनिल खाली बघत होता, पण त्याचे खांदे सैल पडले होते. करिश्मानं टोपली मांडीवर घेतली आणि तिचा उसवलेला काठ बोटांनी आत दाबला.

"नाई, बा," ती शेवटी म्हणाली. "उद्या नाई."

"बरं," तो म्हणाला. "मी परवा पुसीन."

मधल्या जोडसुट्टीत मी बोधगयेला जाऊन आले आणि त्याच कॅमेऱ्यानं फोटो काढले. सोंड आत ठेवून. मोहाचे दिवस अजून संपलेले नाहीत, आणि रोज सकाळी शाळेत प्रार्थना सुरू व्हायच्या आधी करिश्माचा फोन वाजतो, पलीकडे पोचूबा असतो. ती फोन घेऊन व्हरांड्याच्या टोकाला जाते. उत्तर लहान असतं, पण परत यायला तिला वेळ लागतो. तोवर तिच्या वर्गाची रांग मी उभी करते.